रक्तातील एका विकराची मोजदाद

केंब्रिज येथे मान आणि केलिन या संशोधकांनी १९३८ साली बैलाच्या रक्तातून निळसर रंगाचे एक ताम्रयुक्त प्रथिन वेगळे काढले, परंतु त्याचे प्रयोजन त्या काळी कोणासही उमगले नाही आणि पुढील तीन दशके ते केवळ तांबे बाळगणारे प्रथिन म्हणून शास्त्राच्या दप्तरी पडून राहिले. १९६९ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जो मॅकॉर्ड व अर्विन फ्रिडोविच यांनी ते एक विकर असल्याचे सिद्ध केले आणि त्यास सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे नाव मिळाले. ऑक्सिजनच्या रेणूस एक इलेक्ट्रॉन अधिक लाभला की जो उपद्रवी सुपरऑक्साइड उत्पन्न होतो, त्याचे हे विकर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि साधा ऑक्सिजन यांत रूपांतर करते. म्हणूनच ऑक्सिडीकरणाच्या ताणाचा अभ्यास करणाऱ्यांस त्याची मोजदाद अगत्याची वाटते.

सुपरऑक्साइड क्षणभंगुर असल्यामुळे ही मोजदाद आडमार्गाने करावी लागते. मॅकॉर्ड-फ्रिडोविच पद्धतीत झँथीन ऑक्सिडेज हे दुसरे विकर सुपरऑक्साइड अखंड निर्माण करीत राहते, तो सायटोक्रोम-सी या रंगीत प्रथिनाचे क्षपण करतो आणि ५५० नॅनोमीटर तरंगलांबीवरील प्रकाशशोषण ठरावीक वेगाने चढत जाते. त्यात रक्ताचा अर्क मिसळताच त्यातील डिस्म्युटेज सुपरऑक्साइडचा परस्पर निकाल लावते व तो वेग मंदावतो. ज्या मात्रेने वेग निम्मा होतो ती मात्रा म्हणजे एक एकक. अर्थात विकराने जे घडू दिले नाही, त्यावरून त्याचे सामर्थ्य ठरते.

परंतु खरी कसोटी यंत्रापाशी येण्यापूर्वीच लागते. गोठणरोधक मिसळलेले रक्त अपकेंद्रित्रात फिरवून तांबड्या पेशी वेगळ्या काढाव्यात, लवणजलाने वारंवार धुवाव्यात, थंडगार पाण्यात फोडाव्यात, आणि मापनात व्यत्यय आणणारे हिमोग्लोबिन इथेनॉल व क्लोरोफॉर्म यांच्या मिश्रणाने साक्यात बसवून दूर करावे, हा सारा खटाटोप निगुतीने करावा लागतो. रक्तद्रव तपासायचा असेल तर पेशी फुटू न देण्याची दक्षता अधिकच हवी, कारण फुटलेल्या पेशींतील मुबलक विकर तेथील अल्पशा साठ्यात मिसळून हिशेब पार बिघडवते.

या मापनाच्या विश्वसनीयतेचा एक सुंदर दाखला निसर्गानेच दिला आहे: तांबड्या पेशींतील या विकराचे जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर असते, आणि डाउन सिंड्रोममध्ये त्या गुणसूत्राच्या दोहोंऐवजी तीन प्रती असल्यामुळे विकराची क्रियाशीलताही साधारण दीडपट आढळते.

तथापि आकड्यावरून एकदम फैसला करणे उचित नव्हे. १९७४ साली मार्कलंड यांनी दिलेल्या पायरोगॅलॉल पद्धतीचे एकक निराळे, त्यामुळे भिन्न पद्धतींचे आकडे शेजारी मांडता येत नाहीत. शिवाय वाढलेला आकडा संरक्षणाच्या सज्जतेचा असू शकतो आणि घटलेला आकडा विकर निकामी झाल्याचाही असू शकतो, म्हणून कॅटालेज व ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही अन्य संरक्षक विकरे आणि ऑक्सिडीकरणाच्या हानीची खूण असलेले मॅलॉनडायअल्डिहाइड यांचीही जबानी घ्यावी लागते. ज्या अहवालात पद्धत, एककाची व्याख्या आणि प्रतिग्रॅम हिमोग्लोबिनचा हिशेब यांचा तपशील नाही, तो अहवाल अपुरा समजावा. संशोधनासाठी विश्वासाने आपले रक्त देणाऱ्या माणसाचा त्या तपशिलावर हक्क आहे.