फुफ्फुसातून रक्ताकडे : प्राणवायूचा सूक्ष्म प्रवास

जिना चढताना धाप लागली की “आता वय झाले” असे आपण सहज म्हणून जातो. परळ, लालबाग, गिरगाव येथील जुन्या चाळींत राहणाऱ्या ज्येष्ठांच्या तोंडी तर हे वाक्य नेहमीचेच. परंतु या धापेमागे काय दडलेले असू शकते, हे समजण्यासाठी आपण घेतलेला श्वास रक्तापर्यंत कसा पोहोचतो ते पाहावयास हवे.

श्वासनलिकेच्या फांद्या लहान लहान होत शेवटी वायुकोशांत संपतात. हे वायुकोश कोट्यवधी असून त्यांचा एकूण पृष्ठभाग सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे चाळीतील अनेक खोल्यांएवढा भरतो. प्रत्येक वायुकोशाभोवती केशवाहिन्यांचे जाळे असते. हवा आणि रक्त यांच्यातील पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो.

हा पडदा वायू ओलांडतो तो विसरणाने. शेजारच्या खोलीत तळणाऱ्या बोंबलाचा वास कोणी न आणता आपल्या घरात येतो, तसेच हे आहे. वायू जेथे अधिक असतो तेथून कमी असलेल्या जागी जातो. वायुकोशात प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या सुमारे १०० मिलिमीटरइतका, तर शरीरभर फिरून परतलेल्या रक्तात सुमारे ४० असतो. या फरकामुळे प्राणवायू रक्तात शिरतो आणि तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला जोडला जातो. कार्बन डायऑक्साइड उलट दिशेने बाहेर पडतो. त्याच्या दाबातील फरक जेमतेम पाच-सहा मिलिमीटर असतो, तरीही प्राणवायूच्या मानाने तो सुमारे वीसपट सहजतेने पडदा ओलांडतो.

फुफ्फुसे प्राणवायू स्वतः रक्तात ढकलतात, असे डेन्मार्कचे ख्यातनाम शास्त्रज्ञ ख्रिस्तियान बोर मानीत. त्यांचेच शिष्य ऑगस्ट क्रोग आणि त्यांच्या पत्नी मारी यांनी १९१० साली दाखवून दिले की, केवळ विसरण या कामास पुरेसे आहे.

विश्रांतीच्या वेळी तांबडी पेशी वायुकोशाजवळ सुमारे पाऊण सेकंद असते आणि पाव सेकंदातच तिचा प्राणवायू भरून होतो. उरलेला वेळ ही निसर्गाने दिलेली शिल्लक होय. जिना चढताना रक्त वेगाने वाहते व ही शिल्लक घटते. पडदा जाड झाला असेल तर पेशी अर्धवट भरूनच पुढे जाते. म्हणूनच फुफ्फुसांचे दुखणे बसल्या जागी लपून राहते आणि तिसऱ्या मजल्यावर उघडे पडते.

ही साखळी निरनिराळ्या ठिकाणी तुटू शकते. गिरणगावातील कापसाच्या गिरण्यांत, विशेषतः ब्लोरूम आणि कार्डिंग खात्यांत, उडणाऱ्या धुळीने बिसिनोसिस हा आजार होई. साप्ताहिक सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे, हे त्याचे ठळक लक्षण. यात श्वासनलिका आकुंचन पावत, म्हणजे हवा वायुकोशापर्यंतच कमी पोहोचे. परळच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांचा पाच वर्षे अभ्यास करून, हा आजार दीर्घकालीन श्वसनविकारापासून कसा वेगळा ओळखावा याविषयीचे निष्कर्ष १९८१ साली प्रसिद्ध केले. क्षयरोगात मात्र वायुकोशच नष्ट होतात व त्यांच्या जागी व्रण उरतात, तर न्यूमोनियात ते द्रवाने भरतात.

२०२० च्या कोविड साथीत काही रुग्णांच्या रक्तातील प्राणवायू घटलेला असूनही ते शांतपणे बोलत असत. गुदमरल्याची जाणीव मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते, आणि तो तर सहज निसटून जात होता. त्यामुळे धोका कळण्यासाठी बोटाला लावण्याचे ऑक्सिमीटर मोलाचे ठरले.

वाचकहो, पूर्वी न लागणारी धाप आता लागत असेल, तर ती वयाच्या माथी मारू नये. फुंकून करावयाची चाचणी श्वासनलिकांची अवस्था सांगते. विसरणक्षमतेची वेगळी चाचणी त्या पातळ पडद्याची. गिरण्यांचे भोंगे थांबले, तरी त्या धुळीत आयुष्य वेचलेली माणसे आपल्या घरांत आहेत. त्यांना डॉक्टरांकडे न्यावे आणि त्यांनी कोणत्या खात्यात किती वर्षे काम केले, हे आवर्जून सांगावे.