श्रीरामपूरच्या काळ्या जमिनीत अ‍ॅरिलब्रेड आयरिस

बीजावर फिकट मांसल उपांग असणारे पश्चिम व मध्य आशियातील आयरिस ‘अ‍ॅरिल’ होत; दाढीधारी आयरिसांशी झालेला त्यांचा संकर तो ‘अ‍ॅरिलब्रेड’. अ‍ॅरिलांच्या मूळ प्रदेशात पाऊस हिवाळ्यात व वसंतात पडतो. कोरड्या उन्हाळ्यात मूलक्षोड सुप्त राहते. श्रीरामपुरी हा क्रम उलटतो. जून ते सप्टेंबरचा पाऊस व ओल धरणारी काळी जमीन यांमुळे सुप्त मूलक्षोड कुजते. यास्तव ते पावसाळ्यापूर्वी काढून कोरड्या, हवेशीर जागी ठेवावे आणि ऑक्टोबरात वाळू-मुरमाच्या उंच वाफ्यात लावावे. हिवाळी ओलाव्याची उणीव प्रवरा कालव्याचे पाणी मोजून देऊन भरता येईल. दाढीधारी अंश अधिक असलेले संकर ओल तुलनेने अधिक सोसतात. प्रथम तेच निवडावेत. तथापि पाऊस टाळता येतो, थंडी निर्माण करता येत नाही. येथील सौम्य हिवाळ्यात रोप जगेल. ते फुलेल काय, हाच खरा प्रश्न होय.