पाच घरांचा शब्द

दुसरे, तिसरे, चौथे आणि पाचवे घर हिरवे झालेले. त्यांत आय, जी, एच, टी. रिकामे उरले आहे ते फक्त पहिले घर आणि हाताशी तीन संधी. ‘वर्डल’ हा पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखण्याचा खेळ खेळणाऱ्याला वाटते, डाव जिंकला. खरे तर अनेक डाव इथेच हातचे जातात. फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट, एट असे निदान आठ ओळखीचे शब्द या घरांत चपखल बसतात. एकेक लावून पाहायचा म्हटले, तर तीन संधी बघता बघता संपतात.

मुरलेला खेळाडू अशा वेळी मुद्दाम चुकीचा शब्द लावतो: ‘फिल्म्स’. हे उत्तर नव्हे, हे त्याला पक्के ठाऊक असते. पण त्या एका शब्दात एफ, एल, एम आणि एस ही चार अक्षरे एकदम तपासून होतात. अक्षर जागेवर असेल तर हिरवे, शब्दात आहे पण जागा वेगळी असेल तर पिवळे. चारांपैकी एक उजळले की उत्तर मिळाले. एकही उजळले नाही, तर चार शब्द उरतात आणि त्यांच्यासाठी पुढचा शब्द ‘एन्टर’. एन पिवळे झाले तर नाइट, आर पिवळे झाले तर राइट, पहिले ई हिरवे झाले तर एट आणि यांतले काहीच झाले नाही तर टाइट. तीन संधींत आठही शब्दांचा निकाल लागतो. (खेळाच्या कठीण पातळीवर मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे सापडलेली अक्षरे पुढच्या शब्दात घ्यावीच लागतात.)

इंग्रजी शब्द शोधण्याच्या खेळात शब्दसंपत्तीपेक्षा अक्षरांच्या सवयी जास्त कामाला येतात, त्या अशा.

या सवयी लोकांनी फार आधीपासून मोजल्या आहेत. तारायंत्राची लिपी ठरवताना सॅम्युएल मोर्सचा सहकारी आल्फ्रेड व्हेल याने छापखान्यातल्या खिळ्यांचा हिशेब पाहिला, असे सांगतात. ज्या अक्षराचे खिळे जास्त, ते अक्षर वापरात जास्त. म्हणून मोर्सच्या लिपीत ई म्हणजे नुसते एक टिंब आणि टी म्हणजे नुसती एक रेघ. पुढे 1930च्या दशकात, मंदीत काम गेलेला अमेरिकी वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स वर्तमानपत्राच्या पानांवरची अक्षरे मोजत बसला. त्याच्या मोजणीतून ‘स्क्रॅबल’ उभा राहिला. इंग्रजी स्क्रॅबलच्या 100 सोंगट्यांत ई बारा वेळा येते; क्यू आणि झेड एकेकदाच, पण त्यांना प्रत्येकी 10 गुण. एस मात्र चारच. नुसते एस चिकटवून अनेकवचन करणे फार सोपे झाले असते, म्हणून बट्सने ते हात राखून दिले. एका अक्षराच्या संख्येत केवढा विचार!

‘वर्डल’ त्या मानाने कालचा. जॉश वॉर्डल या अभियंत्याने तो आपली जोडीदार पलक शहा हिच्यासाठी बनवला आणि 2021मध्ये सर्वांसाठी खुला केला. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द सुमारे 12,000, पण त्यांतले कितीतरी कोणी ऐकलेलेही नसतात. पलकने ती यादी चाळून ओळखीचे सुमारे 2,500 शब्द निवडले. खेळाची गोडी टिकली ती या निवडीमुळे. 1 नोव्हेंबर 2021 रोजी तो 90 जणांनी खेळला. दोन महिन्यांनी हा आकडा तीन लाखांवर गेला. जानेवारी 2022मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो विकत घेतला.

अडलेल्या खेळाडूला दोन गोष्टी नेहमी हात देतात. ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही स्वर लागत नसेल, तर वायकडे वळावे: निम्फ, क्रिप्ट, लिंच, ट्रिस्ट. आणि क्यू आले की मागोमाग यू येणारच, असे शाळेत शिकवलेले असले तरी परकी भाषांतून आलेले शब्द तो नियम पाळत नाहीत. आपल्या ओळखीचा फकीर इंग्रजी शब्दकोशात एफ-ए-क्यू-आय-आर असाही सापडतो. निकाबचेही तेच. दोन्ही मूळ अरबी, दोन्ही पाच अक्षरी आणि दोन्हींत क्यूच्या शेजारी यू नाही.

मराठी शब्दकोड्यावर वाढलेल्या वाचकाला इथे एक सवय मोडावी लागते. आपल्या कोड्यात काना-मात्रा-वेलांटीसह सबंध अक्षर एका घरात बसते; ‘स्त्री’लाही एकच घर पुरते. इंग्रजीत स्वराला स्वतःचे घर लागते. म्हणून शब्द कानाने न ऐकता डोळ्यांनी पाहायचा असतो. ‘नाइट’ मराठी कानाला तीन अक्षरी, पण कागदावर घरे पाच आणि त्यांतल्या जी आणि एचचा उच्चारच नाही.

अर्थाविना शब्द कुठवर नेऊ शकतात, हे न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सने 2015मध्ये दाखवले. फ्रेंच बोलता येत नसताना त्याने सुमारे नऊ आठवडे फ्रेंच शब्दांची यादी पाठ केली आणि फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेतेपद जिंकले.

ती स्मरणशक्ती सर्वांना कुठून असणार? कुठली अक्षरे कुठल्या घरात आहेत एवढे सांगितले की शब्दांची यादी पुढ्यात टाकणारी साधने आज फोनवर आहेत. तिकडे बोट जाण्याआधी एकदा कागद घ्या, पाच घरे आखा, उरलेली अक्षरे बाजूला लिहा आणि एकाच शब्दात त्यांतली किती तपासता येतील ते पाहा.