किटच्या आत

सकाळी ६.३०. मे २०२०, मुंबई. कोविड वॉर्डात सिस्टरची ड्युटी, आठ ते दोन. उठल्यापासून थोडं थोडं पाणी पीत राहते, कारण एकदा पीपीई किट चढलं की घोटभर पाणी नाही आणि बाथरूमही नाही. नव्या मुली डायपर टाळायला तहानलेल्याच येतात. त्यांना मी रोज रागावते. शरीरात पाणी कमी असताना या कपड्यात शिरणं धोक्याचं आहे.

७.३०. डोनिंग, म्हणजे किट चढवणं. स्क्रब, बुटांवर कव्हर, आतले ग्लोव्हज, एन-९५, गॉगल, वर पांढरा कव्हरऑल, फेस शील्ड, ग्लोव्हजचा दुसरा जोड. पाठीवर मार्करने नाव, नाहीतर कोण कुठली ते कळत नाही. हे कापड विषाणूला अडवतं, तसंच घामाच्या वाफेलाही अडवतं. लिटरभर घाम अंगावरून वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता ओघळला तर काहीच नेत नाही. आमचा ओघळतो.

८.००. हँडओव्हर. एसी बंद, खिडक्या उघड्या, मुंबईचा दमट मे.

१०.००. व्हेंटिलेटरवरच्या काकांना पालथं करायचं. डोक्याशी डॉक्टर नळी धरून, दोन्ही बाजूंना आम्ही दोघी-दोघी. काम काही मिनिटांचं, पण त्यानंतर छाती कितीतरी वेळ धडधडत राहते. कष्ट करणाऱ्या स्नायूंना रक्त हवं असतं, अंग थंड करायला त्वचेलाही हवं असतं, आणि घामावाटे पाणी गेल्याने रक्ताचं प्रमाणच कमी झालेलं असतं. मग हृदय ठोके वाढवून भागवतं. हूडच्या आत नाडी कानात ऐकू येते. याला घाबरटपणा म्हणणाऱ्यांनी एकदा हे किट घालून चादर बदलावी.

१२.००. आता डोकं. नॉरअ‍ॅड्रेनलिन तासाला किती मिलिलिटर, कुठल्या पंपाचा अलार्म, कुणाच्या मुलीला फोनवर काय सांगायचं. गॉगलवर वाफ धरलेली, त्यामुळे आकडा दोनदा वाचावा लागतो. २००९ साली सामुएले मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ जणांना ९० मिनिटं एकाग्रतेचं कंटाळवाणं काम दिलं आणि मग दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. डोकं शिणलेलं असताना ती माणसं सरासरी ६४० सेकंद टिकली, एरवी ७५४. हृदय आणि स्नायू जवळजवळ तेवढंच काम करत होते, फक्त तेच कष्ट जास्त जड वाटत होते. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. बारानंतर ऑक्सिजनचा सिलिंडर हलवताना हात जड का होतात, याला कारण आहे आणि ते आळस नाही. आमच्याकडे तर दमलेल्या डोक्याला तापलेल्या अंगाचीही जोड असते.

१.००. मावशी भिंतीला टेकल्या. त्यांना ताबडतोब बाहेर पाठवलं. ‘होईल थोडं, सिस्टर’ म्हणत होत्या. ऐकलं नाही.

२.००. डॉफिंग, म्हणजे किट उतरवणं. दिवसभरातलं सर्वांत नाजूक काम, आणि ते आम्ही सर्वांत दमलेल्या अवस्थेत करतो. विषाणू बाहेरच्या बाजूला. कव्हरऑल आतून बाहेर गुंडाळत उतरवायचा, प्रत्येक टप्प्याला हात स्वच्छ करायचे, मास्क शेवटी. घरी पोचायची घाई असते, नाकावरच्या वळावर घाम झोंबतो आणि हात आपोआप चेहऱ्याकडे जातो. भिंतीवर पायऱ्यांचा तक्ता आहे, पण त्या वेळी तो वाचायचं त्राण कुणात नसतं.

३.००. मीठ-साखर-लिंबाचं पाणी पिऊन मेट्रन मॅडमकडे गेले. दोन मागण्या होत्या. शेवटच्या तासात पंपाचा प्रत्येक नवा आकडा दुसऱ्या सिस्टरने तपासायचा, आणि डॉफिंग कुणीही एकटीने करायचं नाही, समोर कुणीतरी एकेक पायरी मोठ्याने वाचायची.

‘माणसं कुठून आणू गं?’ मॅडम म्हणाल्या.

‘दोनच्या पाळीच्या निम्म्या जणी आधी आत जाऊ देत, मॅडम. उरलेल्या निम्म्या आमच्यासमोर उभ्या राहतील. आमच्या निम्म्या तोवर वॉर्डात थांबतील.’

त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं आणि उद्याच्या पाळीची नावं विचारली.