डॅटसन २४०-झेड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जपानच्या निस्सान कंपनीने ऑक्टोबर १९६९मध्ये सादर केलेली आणि परदेशात ‘डॅटसन २४०-झेड’ या नावाने विकली गेलेली स्पोर्ट्‌स कार जितकी लोकप्रिय झाली, तितकेच तिच्याविषयीचे गैरसमजही रुजले. त्यांपैकी सर्वांत चिवट समज म्हणजे, बीएमडब्ल्यू ५०७ या गाडीला रूप देणारे आल्ब्रेख्त ग्योर्ट्‌स हेच हिचेही रचनाकार होत. ग्योर्ट्‌स १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात निस्सानचे सल्लागार होते आणि यामाहाच्या सहकार्याने चाललेल्या एका स्पोर्ट्‌स कारच्या प्रकल्पाशी त्यांचा संबंध होता, हे खरे. परंतु निस्सानने तो प्रकल्प सोडून दिला आणि २४०-झेडचे काम त्यानंतर योशिहिको मात्सुओ यांच्या नेतृत्वाखाली कंपनीच्या स्वतःच्या डिझाइन विभागात झाले. १९८० साली ग्योर्ट्‌स यांना दिलेल्या पत्रात निस्सानने हे काम आपल्याच कर्मचाऱ्यांचे असल्याचे नमूद केले, मात्र त्यांच्यावर ग्योर्ट्‌स यांच्या आधीच्या कामाचा प्रभाव असल्याचेही मान्य केले. प्रभाव आणि कर्तृत्व यांतील ही सीमारेषा पुसली गेल्याने मात्सुओ यांचे श्रेय दीर्घकाळ झाकोळले, आणि हा त्यांच्यावर झालेला अन्यायच होय.

जॅग्वार ई-टाइपची ही नक्कल आहे, हा आक्षेपही बारकाईने पाहिल्यास टिकत नाही. एका रांगेत सहा सिलिंडर असलेले लांब इंजिन पुढे, दोनच आसने मागच्या चाकांजवळ आणि इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना, अशी मांडणी स्वीकारली की लांब बॉनेट आणि आखूड शेपूट हे प्रमाण कोणत्याही देशात जवळजवळ ओघानेच येते.

अमेरिकेत सुरुवातीला तिची किंमत ३,५२६ डॉलर होती. एवढ्या कमी किमतीमुळे ती हलक्या प्रतीची असावी असा तर्क केला गेला, पण स्वस्ताईचे कारण काटकसरीच्या अभियांत्रिकीत होते. डॅटसन ५१० या साध्या कौटुंबिक मोटारीच्या १,५९५ घन सेंटिमीटरच्या चार सिलिंडरी इंजिनाचाच व्यास आणि तितकाच स्ट्रोक, म्हणजे दट्ट्याच्या हालचालीचे अंतर, कायम ठेवून दोन सिलिंडर वाढवले की २,३९३ घन सेंटिमीटरचे इंजिन मिळते, आणि २४०-झेडचे इंजिन नेमके तेच होते. त्याची १५१ अश्वशक्ती ही तत्कालीन ‘ग्रॉस’ पद्धतीने, म्हणजे गाडीतील पूरक यंत्रणा न जोडता मोजलेली असल्याने, आजच्या आकड्यांशी तिची थेट तुलना करू नये. काटकसर मात्र जिथे नको तिथे केलेली नव्हती: प्रत्येक चाक इतर चाकांना न ढकलता खड्ड्यावर वरखाली होऊ शकेल असे स्वतंत्र सस्पेन्शन चारही चाकांना होते आणि पुढे डिस्क ब्रेक होते.

जपानमध्ये हीच गाडी ‘फेअरलेडी झेड’ होती. अमेरिकेतील निस्सानचे प्रमुख युताका काटायामा यांना ते नाव स्पोर्ट्‌स कारला शोभणारे वाटले नाही, म्हणून तेथे इंजिनाच्या २.४ लिटर आकारमानावरून आकडी नाव आले. खुद्द जपानमध्ये २,००० घन सेंटिमीटरपुढील मोटारींवर जास्त कर असल्याने सुरुवातीला दोन लिटरची इंजिनेच दिली जात होती.

ती केवळ गुळगुळीत रस्त्यांवर मिरवण्याची गाडी होती, या समजाला पूर्व आफ्रिकन सफारी रॅलीने परस्पर उत्तर दिले. चिखल, धूळ आणि दगडगोटे यांनी गाड्यांची परीक्षा पाहणाऱ्या त्या स्पर्धेत १९७१ साली एडगर हेरमान व हान्स श्युलर यांनी, तर १९७३ साली युगांडात स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या कुटुंबातील शेखर मेहता यांनी लॉफ्टी ड्रूज यांच्यासह २४०-झेडमधूनच विजय मिळवला. एक दोष मात्र गैरसमज नव्हे, पूर्ण सत्य आहे: तिचा पत्रा गंजापुढे दुबळा होता, आणि ज्या गाड्यांचा सांगाडा वेगळा नसून बॉडीच भार पेलते, त्यांत फरशी किंवा उंबऱ्याखालचा पत्रा गंजणे म्हणजे गाडीचा कणाच खिळखिळा होणे असते, त्यामुळे आज मूळ पत्र्याची, न गंजलेली २४०-झेड दुर्मीळ झाली आहे.