शुद्धलेखन : कानाचे की डोळ्यांचे?

अर्थशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासताना ‘भूमीहीन शेतमजूर’, ‘कृषीप्रधान देश’, ‘वस्तूविनिमय’ असे शब्द पानोपानी भेटतात. हे विद्यार्थी मंदबुद्धीचे नसतात. विषयही त्यांना समजलेला असतो. तरीही तपासणाऱ्याचे मत पहिल्या ओळीतच कलुषित होते. ज्यांच्या घरात यापूर्वी कोणी पुस्तक हाती धरले नव्हते, त्यांना हा तोटा अधिक सोसावा लागतो. म्हणूनच हा प्रश्न केवळ भाषाशिक्षकांचा नाही.

मराठी जशी बोलली जाते तशीच लिहावी, असे आपण मुलांना सांगत आलो आहोत. हे अर्धसत्य आहे. ‘वीस’ आणि ‘विष’, ‘फूल’ आणि ‘कुल’ हे शब्द उच्चारून पाहावेत. इकार-उकारांतील भेद कानाला जाणवत नाही. लेखनात तो पाळावा लागतो, कारण ‘विष’ व ‘कुल’ हे तत्सम शब्द आहेत. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या चौदा नियमांत १९७२ मध्ये आणखी चारांची भर पडली. नियम हवेतच, परंतु तत्सम शब्द कोणता, हे दहा वर्षांच्या मुलाने कसे ओळखावे? जेथे कान साक्ष देत नाही, तेथे डोळ्यांनाच शिकवावे लागते.

शाळांतून यावर रूढ असलेला उपाय म्हणजे चुकलेला शब्द दहा वेळा लिहिण्याची शिक्षा. मूल पहिल्या ओळीकडे पाहून खालच्या नऊ ओळी भरते. पहिलीच चुकली तर चूक नऊ वेळा पक्की होते. याउलट शब्द फळ्यावर लिहावा, संशयाचे अक्षर रंगीत खडूने दाखवावे, शब्द उच्चारून घ्यावा आणि मग झाकावा. मुलांनी डोळे मिटून तो मनाच्या पाटीवर पाहावा, आठवणीने लिहावा आणि स्वतःच मूळ शब्दाशी ताडून पाहावा. इंग्लंडमध्ये मार्गारेट पीटर्स यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकात शुद्धलेखन आपोआप अंगवळणी पडते की शिकवावे लागते, हाच प्रश्न मांडला होता. पाहणे, झाकणे, लिहिणे व ताडणे हा क्रम तेथील शाळांना चांगला परिचित आहे.

मात्र शब्दाचे चित्र म्हणजे छायाचित्र नव्हे. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी लिहिली जाते आणि तिचा उच्चार नंतर होतो. तेव्हा प्रारंभी अक्षर व ध्वनी यांची सांगड पक्की झालीच पाहिजे. पुढेही चित्राला कारणाची जोड हवी. ‘भूमी’ आणि ‘भूमिहीन’, ‘वस्तू’ आणि ‘वस्तुविनिमय’ या जोड्या शेजारी मांडल्या, की समासात मूळचा ऱ्हस्व स्वर परत येतो हे मुलाला दिसते, आणि दिसलेले टिकते.

या पद्धतीला अनुदान लागत नाही. खडू, फळा आणि रोजची दहा मिनिटे पुरेत. ज्ञान असूनही केवळ वेलांटीपायी मागे राहणाऱ्या मुलाचे नुकसान जमेस धरले, तर याहून स्वस्त गुंतवणूक शोधूनही सापडणार नाही.