तयार कारखाना आणि मोकळी जमीन

लोणी काळभोरहून थेऊर, केसनंद करत नगर रस्त्याला लागले की पुढे रांजणगावची औद्योगिक वसाहत येते. तिथे हायर या चिनी कंपनीचा फ्रीजचा कारखाना आहे. कंपनीने २००७ मध्ये अँकर-देवूचा तयार कारखाना विकत घेतला आणि मग तो वाढवत नेला. जपानच्या ब्रिजस्टोनने चाकणला मोकळ्या जमिनीवर नवा टायर कारखाना बांधला. हा भेद सरसकट लागू पडत नाही, कारण चिनी सॅनीनेही चाकणला स्वतःचा कारखाना उभारला. तरी दोन्ही देशांतल्या कंपन्यांची घडण वेगळी आहे, आणि ती त्यांच्या चालीत दिसते.

जपानमध्ये मित्सुई, मित्सुबिशी, सुमितोमो ही मोठी घराणी युद्धापूर्वी झाइबात्सू म्हणून ओळखली जात. १९४५ नंतर अमेरिकी अंमलात ती मोडली गेली. त्यांतल्याच कंपन्या पुढे एकेका बँकेभोवती पुन्हा जमल्या, एकमेकींचे शेअर धरून बसल्या. या गटांना केइरेत्सू म्हणतात. बाहेरच्या कुणाला अशी कंपनी सहज गिळता येत नसे आणि तिमाही नफ्याची घाईही नसे. दुसऱ्या प्रकारचा गट उभा असतो : वर टोयोटासारखी कंपनी, खाली सुटे भाग पुरवणाऱ्यांची साखळी. डेन्सो ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध. ती १९४९ मध्ये टोयोटातूनच वेगळी झाली. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी लागेल तेवढाच माल लागेल तेव्हा आणण्याची पद्धत बसवली. गोदामात साठा नसल्याने पुरवठादार जवळचा आणि भरवशाचा लागतो. त्यामुळे जपानी कंपनी व्हेंडर निवडायला वेळ घेते, पण एकदा निवडला की त्याला शिकवते, सांभाळते. कायझेन (सतत छोट्या सुधारणा) आणि कानबान (लागेल तो माल मागवणारे कार्ड) हे शब्द पुण्यातल्या शॉप फ्लोअरवर आज मराठीच वाटतात, ही या पद्धतीची खरी कमाई.

भागीदारीतही हा संयम दिसतो. बजाज आणि कावासाकी यांचे तांत्रिक सहकार्य १९८४ पासूनचे. भारतातली विक्रीची युती २०१७ मध्ये संपली. किर्लोस्कर घराण्याबरोबर टोयोटाने १९९७ मध्ये कंपनी काढली. छत्रपती संभाजीनगरला कारखाना काढण्याचा सुमारे २०,००० कोटी रुपयांचा सामंजस्य करार २०२४ मध्ये झाला, म्हणजे सत्तावीस वर्षांनी. या संयमाची किंमतही आहे : निर्णय उशिरा होतात.

चीनमध्ये एकच साचा नाही. तेल, वीज, रेल्वे डबे बनवणाऱ्या बड्या कंपन्या केंद्र सरकारच्या, एमजी मोटारींमागची सैक शांघाय शहराच्या मालकीची, बीवायडी खासगी. मालकी कुणाचीही असो, स्थानिक सरकारची जमीन आणि बँकांचे कर्ज यांचा आधार मोठा असतो. पण केवळ सरकारी पाठबळाने या कंपन्या जिंकल्या, हे म्हणणे अपुरे आहे. घरच्या बाजारात असंख्य स्पर्धकांशी भावाची लढाई लढून टिकतात, त्याच बाहेर पडतात.

हायरचेच पाहा. झांग रुइमिन यांनी १९८४ मध्ये चिंगदाओतला डबघाईला आलेला कारखाना हाती घेतला आणि पुढच्याच वर्षी ७६ सदोष फ्रीज कामगारांकडून हातोड्याने फोडून घेतले. पुढे त्यांनी मधल्या साहेबांच्या पायऱ्या काढून टाकल्या आणि कंपनीची हजारो छोट्या, स्वतःचा हिशेब स्वतः ठेवणाऱ्या गटांत विभागणी केली. जपानच्या सान्योचा फ्रीज आणि वॉशिंग मशीनचा व्यवसायही हायरने विकत घेतला. शिष्याने गुरूचे घर घ्यावे तसे हे झाले.

मात्र चिनी कंपनीच्या वाटेत तिचा देश आडवा येऊ शकतो. ग्रेट वॉल ही खासगी कंपनी जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना घेणार होती. १५ जून २०२० रोजी तिने महाराष्ट्र सरकारशी ३,७७० कोटींचा सामंजस्य करार केला आणि त्याच रात्री गलवानमध्ये चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीत भारतीय जवान शहीद झाले. शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला केंद्राची मंजुरी आवश्यक करणारा नियम त्याच एप्रिलमध्ये आला होता. मंजुरी मिळाली नाही आणि २०२२ मध्ये व्यवहार बारगळला. तो कारखाना घेण्याचा करार २०२३ मध्ये कोरियाच्या ह्युंदाईने केला.